पॅरिशचं पत्रक वाचताना: वाचकांचे प्रश्न

आयर्लंडच्या खेड्यांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी एकाच विषयावर आली: दर रविवारी निघणारं पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, पत्रक आणि त्यातल्या गावच्या बातम्या. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आम्ही कॅथलिक नाही. गावातल्या दुकानाच्या काउंटरवर चर्चचं पत्रक ठेवलेलं असतं. ते आमच्या काय कामाचं? (रॉसकॉमन)

घरी घेऊन या आणि मागच्या बाजूने वाचायला सुरुवात करा. पुढच्या भागात मासच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) वेळा, कुणाच्या स्मरणार्थ मास आहे त्यांची नावं, वाचन करणाऱ्यांची आणि चर्च झाडणाऱ्यांची पाळी असा मजकूर असतो. मागे मात्र सगळं गाव असतं: हॉलमधला बिंगो, रक्तदान, टायडी टाउन्स या गाव-स्वच्छतेच्या स्पर्धेसाठीची सफाई, शाळेची सभा, मुलांच्या फुटबॉलच्या सरावाच्या वेळा. पॅरिश ही चर्चची हद्द खरी, पण गावाचे बाकीचे व्यवहारही तिच्याच मापाने चालतात. १८८४ साली थर्ल्समध्ये स्थापन झालेल्या जीएएचे, म्हणजे गेलिक खेळांच्या संघटनेचे, क्लबही बहुतेक पॅरिशनिहायच आहेत.

लोटोची ओळ पाहून नवखे गोंधळतात. ‘४, ११, १९, २७. विजेता नाही. पुढचा जॅकपॉट ६,२०० युरो’ असं लिहिलेलं असेल, तर ती राष्ट्रीय लॉटरी नव्हे, गावच्या क्लबची. साधारण दोन युरोंत चार आकडे निवडायचे. कुणाचेच जुळले नाहीत की रक्कम पुढच्या आठवड्यात वाढते. शिवाय चिठ्ठ्या काढून छोटी बक्षिसं देतात. जिंकण्याची आशा फार धरू नका. त्या पैशातून मैदानाचं गवत कापलं जातं आणि मुलांच्या जर्सी येतात.

शेजारचे आजोबा गेले. सूचनेत ‘घरी दर्शन ४ ते ७’ आणि खाली ‘घर खाजगी’ असं दोन्ही लिहिलंय. मग जायचं की नाही? (मेयो)

जायचं. वेगळं बोलावणं येणार नाही. ती सूचना हेच बोलावणं, जसं आपल्याकडे कुणी गेल्याचं कळलं की लोक आपसूक निघतात. दिलेल्या वेळेत घर सगळ्यांना खुलं असतं. ‘खाजगी’ हा शब्द बहुतेकदा दुसऱ्या दिवशीच्या सकाळपुरता असतो: शवपेटी चर्चकडे निघण्याआधीचे काही तास फक्त घरच्यांचे. तेव्हा ‘खाजगी’च्या पुढे कोणता वार आणि कोणती वेळ लिहिली आहे ते नीट पाहा. सगळी चूक तिथेच होते.

गेल्यावर रांगेत उभं राहायचं, घरातल्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ एवढंच म्हणायचं. ओळख नसेल तर ‘पलीकडच्या घरात राहतो’ हे जोडायचं. पेटी बहुधा उघडी असते. क्षणभर थांबून हात जोडलेत तर कुणाला खटकत नाही. काळे कपडे सक्तीचे नाहीत. चहा पुढे आला तर नाही म्हणू नका. काही न्यायचं असेल तर सँडविच किंवा केक न्या आणि डब्याच्या तळाला नाव चिकटवा, नाहीतर डबा परत मिळायचा नाही. ‘फुलं फक्त कुटुंबाची’ असं लिहिलं असेल तर फुलं नेऊ नका. त्याच ओळीत बहुधा एखाद्या हॉस्पिसचं (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेचं) नाव असतं, देणगी तिकडे द्यावी.

मासकार्ड, म्हणजे गेलेल्या व्यक्तीसाठी मास होणार असल्याचं कार्ड, द्यायचं असेल तर ते पॅरिशच्या कार्यालयातून घ्या. मासकार्डांच्या विक्रीवर २००९ च्या धर्मादाय कायद्याने बंधन आहे: बिशप किंवा धर्मसंघाच्या प्रमुखाशी व्यवस्था असल्याशिवाय ती विकणं हा गुन्हा आहे. तुम्ही कॅथलिक नसाल तर साधं शोकपत्रही पुरतं.

अशी बातमी कळण्यासाठी रविवारच्या पत्रकाची वाट पाहू नका. अंत्यविधी दोन-तीन दिवसांत उरकतो आणि पत्रक निघेपर्यंत सगळं संपलेलं असतं. आरआयपी डॉट आयई हे निधनवार्तांचं संकेतस्थळ पाहा, किंवा मिडवेस्टसारखं स्थानिक रेडिओ केंद्र लावा. तिथे निधनवार्ता वाचून दाखवतात. पत्रकात नंतर ‘मन्थ्स माइंड’ दिसेल. तो महिन्याभराने होणारा स्मरणाचा मास. जवळच्या शेजाऱ्याने त्यालाही जावं.

हॉलमध्ये ‘२५ ड्राइव्ह’ आहे. मेंढीकोट बरा येतो, तेवढ्यावर निभेल? (लेट्रिम)

‘२५’ हा इथला पत्त्यांचा खेळ आणि ‘ड्राइव्ह’ म्हणजे त्याची स्पर्धा. मेंढीकोटाचा पत्ते पिसता येतात एवढाच उपयोग होईल, कारण पत्त्यांची चढती भाजणी इथे निराळीच आहे. प्रत्येकाला पाच पत्ते, मग एक उलटा करून हुकूम ठरतो. एका हाताचे पाच गुण, पंचवीस आधी करेल तो जिंकला.

हुकमात सर्वांत मोठी पंजी, मग गुलाम, मग बदामाचा एक्का. हुकूम कोणताही असो, बदामाचा एक्का कायम हुकमातच मोजायचा. त्याखाली हुकमाचा एक्का, राजा, राणी. पुढचे आकडे लाल रंगात मोठ्याकडून लहानाकडे उतरतात (दश्शी, नव्वी...) आणि काळ्यात उलटे: दुर्री मोठी, दश्शी सर्वांत लहान. हुकूम नसलेल्या काळ्या रंगात एक्का गुलामाच्या खाली आणि दुर्रीच्या वर बसतो. हुकूम नसलेल्या चौकटचा एक्का तर सगळ्यात तळाला. नवखा माणूस किलवरचा एक्का जोरात आपटतो आणि समोरचा शांतपणे राणीने हात उचलतो, तो यामुळे.

मेंढीकोटाची सवय दुसऱ्या ठिकाणीही नडते. इथे उतरलेला रंग हातात असला तरी हुकूम मारता येतो. रंग द्यावा किंवा हुकूम मारावा, दोन्ही चालतं. रंगही नसेल तर कोणताही पत्ता टाकता येतो. हुकूम उतरला की मात्र हुकूमच द्यावा लागतो. अपवाद वरच्या तीन पत्त्यांचा: समजा हुकमाचा राजा उतरला आणि तुमच्याकडे हुकमात फक्त पंजी आहे, तर ती दडवता येते. पण पंजीच उतरली तर गुलाम लपवता येत नाही. हुकमाचा एक्का हाती आला असेल तर उलटलेला पत्ता उचलून आपला एक नको तो टाकायचा, तोही आपला पहिला पत्ता खेळण्याआधी. उलटलेला पत्ताच एक्का असेल तर तो हक्क वाटणाऱ्याचा. विसरलात की संधी गेली, आणि टेबलावरची मंडळी आठवण करून देणार नाहीत.

जोडीने खेळायचं की एकट्याने, हे गावागणिक बदलतं. दारात पैसे देतानाच विचारून घ्या. नाताळच्या आधी बक्षीस म्हणून टर्की असते आणि तेव्हा लोक जरा जास्तच गंभीर होतात.

आम्हाला कम्युनिटी हॉलमध्ये दिवाळी करायची आहे, गावालाही बोलवायचंय. पत्रकात सूचना कशी द्यायची? (क्लेअर)

पत्रक बहुधा शुक्रवारी छापतात, म्हणून मजकूर बुधवारी किंवा गुरुवारी दुपारपर्यंत मागतात. नेमकी मुदत पत्रकाच्या तळाशी असते. पोस्टरचं चित्र पाठवू नका. ते काम करणारी व्यक्ती बहुतेकदा अर्धवेळ असते आणि चित्रातला मजकूर पुन्हा टाइप करायला तिला सवड नसते. ई-मेलमध्येच साधी चाळीस-पन्नास शब्दांची सूचना लिहा: काय, कुठे (एअरकोडसह, म्हणजे इथल्या पत्त्याच्या पोस्टकोडसह), वार आणि तारीख दोन्ही, वेळ, प्रवेश मोफत की किती, मुलं चालतील का, संपर्क. ‘येत्या शुक्रवारी’ असं कधीही लिहू नका, कारण कुणी ते शनिवारी वाचतं तर कुणी पुढच्या बुधवारी. वार आणि तारीख जुळत नसेल तर अर्धे लोक एका दिवशी येतात, अर्धे दुसऱ्या. सूचना दोन-तीन आठवडे यावी असं वाटत असेल तर दर आठवड्याला नव्याने पाठवा.

तारीख ठरवण्याआधी क्लबचे सामने आणि बिंगोची रात्र पाहून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, शाळाही त्या आठवड्यात बंद असतात आणि निम्मं गाव बाहेरगावी जातं. तो शनिवार-रविवार टाळलेला बरा.

हॉल घेताना समितीला दोन गोष्टी विचारा: त्यांचा सार्वजनिक दायित्वाचा विमा तुमच्या कार्यक्रमाला लागू होतो का, आणि पेटत्या पणत्या चालतात का. बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, मग बॅटरीच्या पणत्या लावाव्यात. फटाक्यांचा विषयच काढू नका. आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय फटाके जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. फुलबाज्यांसारख्या किरकोळ वस्तूंना तेवढी सूट आहे.

जेवणाच्या प्रत्येक पदार्थासमोर त्यातल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची चिठ्ठी ठेवा. युरोपीय नियमांच्या चौदा घटकांच्या यादीत मोहरी आणि तीळही आहेत, आणि आपण फोडणीतल्या मोहरीला कुठे मोजतो? शेंगदाणे, काजू, दूध, गहू तर आहेतच. गरम पदार्थ ६३ अंश सेल्सियसच्या वर राहिले पाहिजेत, परत तापवताना मधोमध ७० अंशांपर्यंत. घरून आणलेली भाजी कोमट असतानाच टेबलावर मांडून ठेवणं ही नेहमीची चूक.

मुलांच्या संघाला मदत करायला माणसं हवीत असं छापून आलंय. मला गेलिक फुटबॉल येत नाही. (टिपररी)

चालेल. शंकू मांडायला आणि बुटांच्या नाड्या बांधायलाही माणूस लागतोच. मात्र मैदानावर मुलांमध्ये उतरण्याआधी गार्डा व्हेटिंग, म्हणजे पोलिसांकडून होणारी पार्श्वभूमीची तपासणी, पूर्ण व्हायला हवं. तो अर्ज आपण स्वतः पोलीस ठाण्यात करायचा नसतो. क्लबचा बालसुरक्षा अधिकारी तुमची ओळखपत्रं तपासतो आणि मग ऑनलाइन अर्जाची लिंक येते. पूर्वीचे सगळे पत्ते, भारतातले धरून, भरायचे असतात. मधली वर्षं सुटली की अर्ज परत येतो, म्हणून यादी आधीच काढून ठेवा. सोबत बालसुरक्षेचा प्राथमिक कोर्सही करावा लागतो. मुलाला खेळायला पाठवत असाल तर फोइरन या जीएएच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेवर त्याची नोंदणी करा, त्याशिवाय विम्याचं संरक्षण नाही. फुटबॉलला माउथगार्ड आणि हर्लिंगला (काठी-चेंडूच्या गेलिक खेळाला) हेल्मेट सक्तीचं आहे. माउथगार्ड घरी गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो, हे पहिल्या सरावाच्या आदल्या रात्री करा, मैदानाच्या दारात नव्हे.