‘मदर करेज’ सर्वांत आधी साकारणारी तेरेझे गीझे कोण होती?

प्रश्न: जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘मदर करेज’ या नाटकाबद्दल वाचताना सगळीकडे हेलेने वायगेलचं नाव येतं. पण ती भूमिका सर्वांत आधी तेरेझे गीझे नावाच्या जर्मन नटीनं केली असं एका ठिकाणी वाचलं. ही कोण? तिच्या कारकिर्दीबद्दल कुणी मराठीत सांगेल का?

उत्तर:

बरोबर वाचलंत तुम्ही. १९ एप्रिल १९४१ रोजी झुरिकच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहात ‘मदर करेज’चा पहिला प्रयोग झाला, आणि मालाची गाडी ओढणारी ती बाई रंगमंचावर पहिल्यांदा साकारली तेरेझे गीझेनं. ब्रेख्तची नटी-बायको वायगेल हिचा बर्लिनचा प्रयोग जानेवारी १९४९ चा, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनंतरचा. तो फार मोठा प्रयोग होता. त्याच्या प्रत्येक हालचालीची छायाचित्रं काढून ठेवली गेली आणि त्यावरून पुढे अनेक ठिकाणी हे नाटक बसलं, म्हणून वायगेलचं नाव मागे उरलं. झुरिकच्या वेळी युरोपात युद्ध पेटलेलं होतं आणि स्वतः ब्रेख्त फिनलंडमध्ये, अमेरिकेला जायची वाट पाहत अडकला होता. आपल्या नाटकाचा पहिला प्रयोग त्याला पाहायलाच मिळाला नाही.

मी पुण्यात प्रायोगिक नाटकांत काम करते. बाविसाव्या वर्षी मला पहिली सासू मिळाली आणि तेव्हापासून आई, आत्या, आजी हेच वाट्याला येत गेलं. जर्मन शिकत असताना आमच्या बाईंनी एकदा वर्गात गीझेच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण लावलं. ती ब्रेख्त वाचत होती. आवाज जाड, कोरडा, कुठेही लाडीगोडी नाही, आणि तरी वर्गात कुणी हललं नाही. त्या दिवसापासून ही बाई माझी झाली. म्हणून उत्तर थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

तिचा जन्म ६ मार्च १८९८ चा, म्युनिकचा. ज्यू कुटुंब, वडील कापडाचे व्यापारी. मूळ आडनाव ‘गिफ्ट’. इंग्रजीत गिफ्ट म्हणजे भेट, पण जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! १९२० मध्ये रंगमंचासाठी तिनं ते बदलून ‘गीझे’ केलं. दिसायला ती रूढ अर्थानं नायिका नव्हती: अंगानं जाड, चेहरा रुंद. त्यामुळे सुरुवातीपासूनच तिच्याकडे वयस्क, खाष्ट, विनोदी बायका आल्या. काही वर्षं गावोगावच्या लहान नाट्यगृहांत आणि मग ब्रेस्लाउ शहरात काढल्यावर १९२० च्या दशकाच्या मध्यावर ती म्युनिकच्या काम्मरश्पीले या नाट्यसंस्थेत आली. ओटो फाल्केनबेर्ग तिथे प्रमुख होते. तिथे ती सात-आठ वर्षांत शहराची लाडकी झाली. असं सांगतात की तिचं अस्सल बव्हेरियन वाटणारं काम खुद्द हिटलरलाही आवडायचं, आणि ती ज्यू आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

१ जानेवारी १९३३ ला म्युनिकमध्ये एक छोटा राजकीय कॅबरे सुरू झाला. कॅबरे म्हणजे आपल्या हिंदी चित्रपटातला नाच नव्हे. गाणी, नकला, छोटे प्रवेश आणि त्यातून सत्तेला टोचणं. नाव ‘फेफरम्यूले’, म्हणजे मिरी दळायची चक्की. प्रसिद्ध जर्मन कादंबरीकार थॉमस मानची मुलगी एरिका मान बहुतेक मजकूर लिहायची आणि निवेदन करायची, माग्नुस हेनिंग संगीत द्यायचा, आणि रंगमंचावरची खरी ताकद होती गीझे. एरिका आणि गीझे त्या काळात एकमेकींच्या जोडीदारही होत्या. महिनाभरात, ३० जानेवारीला, हिटलर चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये दोघींनी जर्मनी सोडलं.

शरद ऋतूत झुरिकच्या ‘हिर्शेन’ हॉटेलात चक्की पुन्हा फिरू लागली. गीझेचा एक प्रवेश गाजला, त्यात ती साक्षात ‘मूर्खपणा’ बनून यायची आणि राज्यकर्ते आपल्यावर किती प्रेम करतात ते गाऊन सांगायची. कुणाचंही नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती, समोरच्या प्रत्येकाला कळत होतं. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये स्विस नाझीसमर्थकांनी प्रयोगांत दंगल घातली, पोलिसांच्या पहाऱ्यात प्रयोग करावे लागले, आणि नंतर झुरिकमध्ये परदेशी लोकांच्या राजकीय कॅबरेवर बंधनं आली. तो नियम लोकांनी या कॅबरेच्याच नावानं ओळखला. तरीही युरोपभर फिरत त्यांनी हजाराहून जास्त प्रयोग केले. १९३७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला मात्र तो चाललाच नाही. मला यात नवल वाटत नाही. अशा प्रयोगाचं अर्धं काम प्रेक्षक करतो, आणि ज्याला जर्मन भीती माहीतच नाही तो ते कसं करणार?

मधल्या काळात पासपोर्टचा प्रश्न होता. एरिकानं १९३५ मध्ये इंग्रज कवी ऑडनशी लग्न करून ब्रिटिश नागरिकत्व मिळवलं होतं. ऑडननंच मग गीझेसाठी स्थळ पाहिलं: जॉन हॅम्पसन, इंग्लंडमधला समलिंगी कादंबरीकार. मे १९३६ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहलला लग्न झालं. संसार असा झालाच नाही, पण एका अनोळखी माणसाच्या या भल्या वागण्यानं तिचं पुढचं आयुष्य आणि आपल्यासाठी तिच्या भूमिका वाचल्या.

आता झुरिक. युद्धकाळात शाउश्पीलहाउस हे जर्मनीतून पळून आलेल्या नटांचं मोठं आश्रयस्थान होतं. जर्मन भाषेतली जी नाटकं जर्मनीत करणं अशक्य होतं ती इथे होत होती. ‘मदर करेज’ लिओपोल्ड लिंटबेर्गनं बसवलं, नेपथ्य टेओ ओटोचं. कथा थोडक्यात अशी: सतराव्या शतकातलं तीस वर्षांचं युद्ध, सैन्यामागून गाडी ओढत माल विकणारी एक बाई, आणि त्याच धंद्याच्या पायी एकेक करून गमावलेली तिन्ही मुलं.

प्रेक्षक हेलावून गेले. समीक्षकांनी दुःखानं दगड झालेल्या ग्रीक मातेची, नायोबीची आठवण काढली. हे वाचून ब्रेख्त अस्वस्थ झाला. त्याला आईची करुण कथा सांगायचीच नव्हती. युद्धावर पोट भरणारी बाई युद्धाला किंमत मोजते आणि तरीही काहीच शिकत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. मग त्यानं नाटक बदललं. पहिल्या प्रवेशात मोठ्या मुलाला सैन्यात ओढून नेतात तेव्हा आई आता पट्ट्याचं बक्कल विकण्याच्या सौद्यात गुंतलेली असते. पाचव्या प्रवेशात जखमींना बांधायला ती आपले विक्रीचे शर्ट आधी स्वतः देत होती, नव्या संहितेत ती द्यायला नकार देते. आज आपण जे नाटक वाचतो ते हे, कठोर केलेलं.

काही जण यावरून लिहितात की गीझेनं भूमिका ‘चुकीची’ केली. मला हे अजिबात पटत नाही. तिनं हातात होती ती संहिता केली. त्या संहितेत शर्ट देणारी आई होती, तर ती शर्ट देणारी आईच करणार. शिवाय १९४१ चं झुरिक डोळ्यांसमोर आणा. रंगमंचावरची बहुतेक माणसं घरदार सोडून आलेली, प्रेक्षकांतही तसेच बसलेले, सीमेपलीकडे तेच युद्ध. तिथे कोण कोरड्या डोळ्यांनी बसेल? माझ्या मते नाटकात दडलेली आई तिनं इतकी पूर्णपणे बाहेर काढली की लेखकाला पहिल्यांदा आपलंच नाटक दिसलं. प्रयोग न पाहताही. एखाद्या नटीनं लेखकाला पुन्हा लिहायला बसवावं, यापेक्षा मोठं काम मला सुचत नाही.

आणि ब्रेख्तनंही तिला कधी कमी लेखलं नाही. अमेरिकेतून परतल्यावर १९४८ मध्ये झुरिकला ‘पुंटिला’चा पहिला प्रयोग झाला, त्यात ती होतीच. मग बर्लिनर एन्सेम्बल या आपल्या बर्लिनमधल्या नाट्यसंस्थेत त्यानं तिला बोलावलं. तिथे तिनं गॉर्कीच्या नाटकातली वास्सा झेलेझ्नोवा केली आणि जुना जर्मन नाटककार क्लाइस्टचं एक नाटक दिग्दर्शितही केलं. ऑक्टोबर १९५० मध्ये म्युनिकच्या काम्मरश्पीलेत त्यानं स्वतः तिला घेऊन ‘मदर करेज’ बसवलं, बदललेल्या संहितेचं. तेव्हा वायगेलच्या प्रयोगाचा छायाचित्रांचा नमुना हाताशी होता. गीझेनं त्या चौकटीत राहून वेगळीच बाई उभी केली, आणि नमुना वापरूनही नट आपलं काम कसं करतो याचं उदाहरण म्हणून ब्रेख्तनं तिच्याबद्दल लिहून ठेवलं. तालमीत ‘अमक्यांनी असं केलं होतं’ हे ऐकणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग लक्षात ठेवावा असा आहे.

ब्रेख्तनंतर तिच्या कारकिर्दीतला दुसरा लेखक म्हणजे स्विस नाटककार फ्रीडरिश ड्युरेनमाट. २९ जानेवारी १९५६, पुन्हा झुरिक. ‘म्हाताऱ्या बाईंची भेट’ या अर्थाच्या नावाचं त्याचं नाटक, आणि गीझे क्लेर झाखानास्सियान. तरुणपणी फसवून हाकललेली मुलगी अब्जाधीश होऊन आपल्या कंगाल गावात परतते. एक पाय कृत्रिम, एक हात हस्तिदंती. गावाला ती एक अब्ज देऊ करते. अट एकच: ज्यानं फसवलं त्याला मारा. मग सभ्य माणसं उधारीवर नवे बूट घालू लागतात! ही भूमिका पुढे जगभरातल्या मोठमोठ्या नट्यांनी केली, पण पहिली ही.

सहा वर्षांनी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, त्याचं भौतिकशास्त्रज्ञांवरचं नाटक आलं. वेड्यांच्या इस्पितळात तीन शास्त्रज्ञ, आणि इस्पितळाची प्रमुख डॉक्टर. हा डॉक्टर मुळात पुरुष होता. ड्युरेनमाटनं तो गीझेसाठी बाई केला, पाठीत कुबड असलेली अविवाहित म्हातारी माथिल्डे फॉन त्सान्ड, आणि नाटक तिलाच अर्पण केलं. शेवटी कळतं की त्या घरात खरी वेडी तीच आहे आणि जग तिच्या मुठीत गेलं आहे. तिथे कुणी रुबाबदार पुरुष डॉक्टर असता तर तो नेहमीचा खलनायक झाला असता, असं मला वाटतं. घरच्या मोठ्या मावशीसारख्या बाईच्या तोंडून ते ऐकणं जास्त भयंकर आहे.

आपल्याकडे ब्रेख्त पोचला तो ‘तीन पैशाचा तमाशा’ आणि ‘अजब न्याय वर्तुळाचा’मधून, म्हणजे रूपांतरांतून आणि लोकनाट्याच्या अंगानं. ते काम मोलाचंच. पण त्यामुळे मूळ भूमिका करणारी माणसं आपल्याला अनोळखी राहिली, असं मला वाटतं.

चित्रपटांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती मुळात रंगमंचाचीच. १९४५ चा लिंटबेर्गचाच ‘शेवटची संधी’ या अर्थाच्या नावाचा स्विस चित्रपट इटलीतून आल्प्स ओलांडणाऱ्या निर्वासितांचा आहे. निर्वासित नटीनं त्यात निर्वासित बाईच केली. कानच्या १९४६ च्या महोत्सवात ज्या चित्रपटांना सर्वोच्च पुरस्कार वाटून दिला गेला त्यांत तो होता. १९५८ च्या ‘मेडशन इन युनिफॉर्म’मध्ये ती मुलींच्या वसतिशाळेची करडी मुख्याध्यापिका आहे, समोर रोमी श्नायडर.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भावतं ते तिचं म्हातारपणचं काम. १९७० मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ती पश्चिम बर्लिनच्या शाउब्यूने या नाट्यसंस्थेत गेली. दिग्दर्शक पेटर श्टाइन आणि त्याची विशी-तिशीतली मंडळी तिथे सगळे निर्णय सामूहिकपणे घ्यायची. त्यांच्याबरोबर तिनं ब्रेख्तचं ‘आई’ केलं, लिहायला-वाचायला शिकणारी कामगाराची निरक्षर आई. गंमत पाहा, ही भूमिका १९३२ मध्ये सर्वांत आधी वायगेलनं केली होती. ‘मदर करेज’च्या अगदी उलट.

३ मार्च १९७५ ला, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, ती म्युनिकमध्ये वारली. म्युनिकमध्ये तिच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यावर भुयारी रेल्वेचं स्टेशनही. १९८८ मध्ये पश्चिम जर्मनीनं तिचं टपाल तिकीट काढलं. पण तिची कबर मात्र झुरिकच्या फ्लुंटर्न दफनभूमीत आहे, ज्या शहरानं तिला आसरा दिला तिथे. एका नाट्यमहोत्सवाच्या निमित्तानं झुरिकला गेले होते तेव्हा ट्रामनं वर जाऊन मी ती पाहून आले. बहुतेक लोक तिथे आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या कबरीला भेटायला येतात. मी मात्र तिच्याच पायाशी बसले.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर फ्रेंच दिग्दर्शक लुई मालचा १९७४ चा ‘लाकोंब, ल्युसियां’ पाहा. नाझींनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये लपून राहणाऱ्या ज्यू शिंप्याची ती आई आहे. जवळजवळ बोलतच नाही. टेबलाशी बसून एकटीच पत्ते लावत राहते, आणि नाझींसाठी काम करणारा पोरगा घरात शिरला की नुसती मान वर करून बघते. त्या बघण्यासाठी चित्रपट एकदा मागे घेऊन पुन्हा पाहा. मी तसाच पाहिला.