आजीचा हात नाकाखाली

"एवढ्याशा लेकराला वायरी लावून झोपवायचं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो पुरा व्हायच्या आत मान डोलावते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी 'स्लीप स्टडी', म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी, लिहून दिली की घरोघरी तेच बोलणं. शॉक बसेल का, खर्च कशाला, बापही घोरतोच की! त्यावर एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

अमळनेरकडचा सात वर्षांचा मुलगा. वर्गात बूड टेकत नाही, लिहिता लिहिता हरवतो, अशी शाळेची तक्रार. त्यात अंथरूण पुन्हा ओलं करायला लागलेला. मुलाच्या वागण्याचा धागा घरातच सापडतो, असं मानणारी मी समुपदेशक. धाकटी बहीण वर्षाची आहे म्हटल्यावर मला उत्तर मिळालंच: मत्सर. तीन बैठका त्यात घालवल्या. तोंड उघडं टाकून, डोळ्यांखाली काळसर वर्तुळं घेऊन पोरगं समोर बसलेलं, आणि मी त्याला बहिणीचं चित्र काढायला लावत होते!

चौथ्या वेळी आईऐवजी आजी आली. मे महिना, सगळं घर धाब्यावर झोपायचं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "रात्री झोपतो कसा?"

"घोरस ना, बापसारखा. आवाज शे तोवर माले काळजी नही. आवाज बंद व्हयना का मी त्याना नाकले हात लाई देखस."

"हात कशाला?"

म्हातारीने तळहात आडवा करून स्वतःच्या नाकाखाली धरला. "वारा येस का नही ते देखाले. मंग तो दचकस, घामघूम व्हस, परत चालू."

"असं रात्रीतून किती वेळा?"

"चांदन्या मोजस का कोनी, माय?"

मी पेन खाली ठेवलं. दिवसभराचं सगळं विचारलं होतं मी. रात्र एकदाही विचारली नव्हती. आणि धागा घरातच होता, फक्त मी चुकीच्या माणसाला विचारत होते. (हे माझ्या विचारसरणीच्या बाजूने मोजायचं की विरुद्ध, ते तुम्ही ठरवा.)

बाप ऐकेना. "मोठा झाला की जाईल." मी एवढंच म्हटलं, मोबाइलवर झोपेचा व्हिडिओ काढून आणा. आणला. मान मागे टाकलेली, छाती आत खेचली जातेय, पोट वर येतंय आणि आवाज शून्य. मग एकदम हुंदक्यासारखा श्वास. बापाने तो तुकडा तीनदा पाहिला. "हे रोज होतं?" असं त्याने मला नाही, आजीला विचारलं.

मग व्हिडिओवरच का भागत नाही? कारण घोरणाऱ्या मुलांपैकी थोड्यांनाच झोपेत श्वास अडण्याचा हा आजार (स्लीप अ‍ॅप्निया) असतो आणि नुसतं ऐकून ते ठरवता येत नाही. बहुतेकदा घशातले टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड नावाच्या गाठी वाढून श्वासाची वाट अडवतात, पण गाठ मोठी म्हणजे त्रास मोठा असंही नाही. रात्रभराच्या तपासणीत नाकाखालची नळी आजीच्या हाताचंच काम करते, हवा येते की नाही ते बघते. छातीपोटाचे पट्टे श्वासाची धडपड टिपतात. धडपड चालू आणि हवा बंद, हे दोन्ही एकत्र दिसलं की वाट अडल्याचं कळतं. बोटाच्या चिमट्यातून रक्तातला ऑक्सिजन कळतो, डोक्यावरच्या तारांतून झोप किती गाढ ते. या तारा फक्त टिपतात, आत काही सोडत नाहीत. सुई नाही, शॉक नाही, आई शेजारीच.

तरी पोर घाबरतं. म्हणून आठवडाभर आधी चिकटपट्टी कपाळाला लावून झोपायचा खेळ घरी खेळा. या पठ्ठ्याने आधी आजीला चिकटवली!

नाशिकला तपासणी झाली. तासाला १४ वेळा श्वास अडत होता. मोठ्या माणसात ५ पर्यंत चालवून घेतात, मुलांत १ च्या वर गेलं तरी दखल घेतात. मोठी माणसं अशाने दिवसा पेंगतात, मुलं मात्र कित्येकदा उलट चुळबुळी होतात. म्हणून ती माझ्यासारखीकडे येतात.

टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढण्याच्या शस्त्रक्रियेची घाई सगळ्यांनीच करावी असं मी म्हणत नाही. ५ ते ९ वर्षांच्या मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१३ साली आला. शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी ७९ टक्के मुलांची तपासणी नॉर्मल आली, पण नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. वागणूक सुधारली, लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र फारसा फरक पडला नाही. गणित लगेच येईल, असं कुणी सांगितलं तर हसून सोडा. आमच्या पोराच्या आकड्याला मात्र थांबण्यात अर्थ नव्हता.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं. अंथरूण दिवाळीपर्यंत अधूनमधून ओलं होतच राहिलं. शेवटच्या बैठकीला बाप दारात घुटमळला. "ताई, मोठ्यांची पण करतात का ही तपासणी?"

मी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "त्याले बी लई जा. त्याना नाकले हात लावाले मना हात पुरत नही."