पायथन येतं, पण खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम कुठून शिकू?

टीकेडॉक्स या फुकट साइटवरून टीकिंटर शिका, म्हणजे पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी. ऑफिसातली छोटी टूल्स मी त्यातच करतो. टीकिंटर पायथनसोबतच येतं. उबुंटूवर मात्र त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. नेटवरचे बरेच धडे जुने आहेत. इंपोर्टच्या ओळीत टीकिंटरचा टी कॅपिटल दिसला की तो धडा पायथन 2 चा, पान बंद करा. टीटीकेचा (टीकिंटरमधल्या नव्या रूपाच्या बटणा-बिटणांच्या संचाचा) उल्लेखच नसेल तर बटणं बाबा आदमच्या काळातली दिसतील.

नवखे हमखास अडकतात ती जागा: बटणाच्या 'कमांड'ला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, पुढे कंस नको. कंस टाकलात की बटण तयार होतानाच फंक्शन चालून मोकळं, आणि नंतर कितीही दाबा, ढिम्म! तसंच मध्ये थांबायला स्लीप वापरलंत तर अख्खी खिडकी गोठते; तिथे टीकिंटरचं 'आफ्टर' वापरा.

थोडा हात बसला की आयडलचा कोड वाचा. तो एडिटर टीकिंटरमध्येच लिहिलाय आणि त्याचा सगळा कोड पायथनच्या आयडललिब फोल्डरमध्ये असतो.

फोनचं ॲप करायचं असेल तर मात्र हे सोडा, फ्लटर हे ॲप बनवायचं साधन धरा. त्यासाठी डार्ट ही भाषा शिकावी लागेल.