टेक्सासचे जर्मन : सगळेच गुलामगिरीविरोधी?

प्रश्न : टेक्सासमधले जर्मन वसाहतकार गुलामगिरीच्या विरोधात होते, असं नेहमी वाचनात येतं. मग न्यू ब्राउनफेल्ससारख्या जर्मन गावाने 1861 मध्ये, गुलामगिरी राखण्यासाठी टेक्सासने अमेरिकेच्या संघराज्यातून फुटण्याच्या बाजूने मतं का दिली?

उत्तर : कारण हे सगळे एका विचाराचे नव्हतेच. 23 फेब्रुवारी 1861 च्या मतदानात फ्रेडरिक्सबर्गच्या गिलेस्पी काउंटीत सुमारे 96 टक्के मतं फुटण्याच्या विरोधात पडली. न्यू ब्राउनफेल्सच्या कोमाल काउंटीत 70 टक्क्यांहून जास्त मतं बाजूने! दोन्ही गावं जर्मन सरदारांच्या एकाच मंडळाने वसवलेली, 1845 आणि 1846 मध्ये.

फ्रेडरिक्सबर्ग पार सरहद्दीवर होतं. 'कोमांचे' या मूळनिवासी जमातीच्या टोळ्यांपासून रक्षण करणारी फौज संघराज्याची, आणि शेतमालाचं मोठं गिऱ्हाईकही तीच. फौज गेली तर दोन्ही गेलं. न्यू ब्राउनफेल्सचा ओढा दक्षिणेकडच्या बाजारपेठेकडे. शिवाय तिथल्या जर्मन वृत्तपत्राचे संपादक लिंडहाइमर (वनस्पतीशास्त्रात नाव कमावलेले) यांचा कल टेक्सासबरोबर जाण्याकडे होता. तेव्हा फुटण्याला विरोध म्हणजे गुलामगिरीला विरोध, असं समीकरण मांडू नये. घरी गुलाम नसणं हाही पुरावा नव्हे. डोंगराळ, कापसाला प्रतिकूल जमिनीवर गुलाम ठेवणं परवडत नव्हतं, एवढंच त्यातून अनेकदा सिद्ध होतं.

तत्त्वाने विरोध करणारे होते, पण थोडे. त्यातले बरेचसे जर्मनीतली 1848 ची क्रांती फसल्यावर आलेले सुशिक्षित निर्वासित.

प्रश्न : सॅन अँटोनिओच्या 1854 च्या जर्मन अधिवेशनाने नेमकं काय मागितलं होतं?

उत्तर : वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. गुलामगिरी ही अनिष्ट गोष्ट आहे आणि लोकशाही तत्त्वांनुसार ती जायला हवी, असं ठरावात होतं. पण हा राज्यांचा प्रश्न, केंद्राने त्यात पडू नये. एखाद्या राज्याने ती संपवायचं ठरवलं तरच केंद्राची मदत मागता यावी, असंही होतं. इतक्या सावध ठरावावरही इंग्रजी वृत्तपत्रांनी रान उठवलं. त्याचा फटका बसला तो ठरावाची बाजू घेणाऱ्या 'सॅन अँटोनिओ त्साइटुंग' या जर्मन वृत्तपत्राचे संपादक अ‍ॅडॉल्फ डुआई यांना. भागधारकांनी पत्र विकायला काढलं, तेव्हा डुआईंनी कर्ज काढून ते घेतलं. उत्तरेतून गुलामगिरीविरोधी लेखक फ्रेडरिक ओल्मस्टेड यांनी पैसे जमवून पाठवले, पण जाहिराती तुटल्यावर तेही पुरेनात. 1856 मध्ये डुआईंनी टेक्सास सोडलं.