उचलण्याआधी बघत जा

प्रिय बेटा,

गोकुळपेठ मार्केटमागच्या गल्लीत तीन पिल्लं एकटी दिसली, आई कुठेच नाही, घरी घेऊन येऊ का, असं तू विचारलंस. इतक्यात उचलू नकोस, एवढंच तेव्हा फोनवर सांगितलं. पण तुला हे काम पुढेही करायचं आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

व्यालेली मांजर खायला शोधायला तासन् तास बाहेर असते. आपण पिल्लांपाशी उभे राहिलो, तर ती समोरच्या सज्जावरून बघत बसते, पण खाली उतरत नाही. म्हणून लांब जाऊन बसायचं. बसायला वेळ नसेल तर पिल्लांभोवती कणकेची पातळ रेघ ओढून ये. परत गेल्यावर तिच्यावर पंजे उमटलेले दिसले, की आई येऊन गेली. पिल्लांकडे नीट बघितलं तरी बरंच कळतं. पोट भरलेलं, अंग स्वच्छ, एकमेकांवर पडून झोपलेली, म्हणजे आई सांभाळते आहे. पोट खपाटीला गेलेलं, सारखं ओरडणं, अंगावर मुंग्या, असं दिसलं तर मग थांबायचं नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असं लोक तुला सांगतील. तसं काही होत नाही.

आपल्याकडे नागपुरात फेब्रुवारी-मार्चमध्ये कूलरचे फोन सुरू होतात. पावसाळ्यापासून गच्चीवर किंवा जिन्याखाली पडलेला कूलर लोक धुवायला काढतात आणि आत जुन्या खसवर पिल्लं सापडतात. ऊन वाढलेलं, घरात लहान मुलं, त्यामुळे त्यांना कूलर आजच हवा असतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस. तिथेच दोन हातांवर, सावलीत, पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवायला सांग, त्यात जुनं सुती कापड घाल आणि पिल्लं अलगद त्यात ठेव. तेवढी संध्याकाळ त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. आई येते, आणि जागा पटली नाही तर मानगूट धरून एकेकाला दुसरीकडे नेते. आईचं दूध आणि तिची ऊब आपल्याला कुठल्याही बाटलीतून देता येत नाही, म्हणून ही खटपट.

खरंच पोरकी असतील तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही आणि पिल्लू दगावतं. भर मे महिन्यातही त्यांना कूलरच्या झोतात ठेवायचं नाही. गाईचं दूध नको, त्यानं जुलाब लागतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती आण. पाजताना पिल्लू पोटावर हवं, बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. जवळजवळ तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपलं आपण शू-शी होत नाही. आई चाटून करवते, आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं करवायची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा रोज वापर. दिवसाला साधारण १० ग्रॅम वाढायला हवेत. वजन घटलं तर संध्याकाळची वाट न बघता डॉक्टर गाठ.

पण पिल्लं वाढवणं हा या कामाचा लहान भाग आहे. मांजर चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते आणि अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. तिची नसबंदी झाली नाही तर तू कितीही पिल्लं वाचव, पुढच्या वेताची पुन्हा त्याच गल्लीत असतील. माझ्या लेखी नसबंदीसाठी पिंजरा लावणारा माणूस दहा बाटल्या पाजणाऱ्यापेक्षा जास्त जीव वाचवतो. पिंजरा लावण्याच्या आदल्या दिवशी गल्लीत खाऊ घालणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेव, नाहीतर भरल्या पोटी मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सापडली की लगेच वरून जाड चादर टाक, अंधारात ती शांत होते. सड ओढलेले, दुधानं भरलेले दिसले तर मात्र आधी पिल्लं शोध. भूल असतानाच डॉक्टर डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे तीच मांजर पुन्हा धरली जात नाही. बरी झाली की तिला तिच्याच गल्लीत सोडायचं. मोकळी राहील म्हणून लोक अंबाझरीच्या झाडीत किंवा फुटाळा तलावावर सोडून येतात. अनोळखी जागी तिला पाणी कुठे, लपायचं कुठे, काही ठाऊक नसतं. ती घराच्या शोधात निघते आणि रस्त्यावर गाडीखाली येते. कुणी कितीही विनवलं तरी या कामाला हो म्हणू नकोस.

पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूच्या आजाराची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. उलट्या, जुलाब, मान टाकून बसणं, आणि लहान पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. म्हणून नवं मांजर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, त्याची भांडी वेगळी, आणि त्याच्याकडचं काम सगळ्यात शेवटी. फरशी पातळ केलेल्या ब्लीचनं पुसून, धुऊन, वाळू द्यायची. फिनाइल वापरू नकोस. त्यानं हा विषाणू मरेलच असं नाही, आणि मांजराला मात्र ते विषारी आहे. पॅरासिटामॉलही तसंच, अर्ध्या गोळीनं मांजर मरू शकतं. कुत्र्याचं गोचीडांचं औषधही मांजराला लावायचं नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करता येते.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी पिंजरा लावायचा नाही. पहाटे किंवा दिवस बुडाल्यावर. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर दिसलं तर सावलीत ने, साध्या पाण्यानं पंजे आणि पोट ओलं कर, बर्फ लावू नकोस, आणि दवाखाना गाठ.

शेजारी भांडतील. ठरल्या वेळी खायला घाल, अर्ध्या तासात ताटल्या उचल, जागा झाडून घे, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. कुणी मांजराला जिवे मारलं, विष घातलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पोलिसांत जाता येतं.

आणि घरात किती मांजरं ठेवायची ते आजच आईबाबांसोबत बसून ठरव. तुमच्या दोन खोल्यांत एक आजारी मांजर नीट सांभाळता येईल, पाच नाही. सहावा फोन येईल तेव्हा नाही म्हणताना तुला रडू येईल, मला अजूनही येतं. तरी नाही म्हण, आणि फोन करणाऱ्याला वर लिहिलेलं सगळं सांग, म्हणजे तो स्वतः काहीतरी करू शकेल.

यायच्या आधी रेबीजची लस सुरू कर. चावा बसण्याआधी घ्यायचे तीन डोस असतात: पहिला, सातव्या दिवशी दुसरा, एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. त्यानंतरही चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण मांजराचा दात बारीक असला तरी खोल जातो आणि हात सुजतो. तिन्ही डोस झाले की कळव. इतवारीतल्या एका वाड्यात पिंजरा लावायचा आहे, तिथे माझ्यासोबत चल. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घाल आणि घरून जेवून ये, कारण मांजर किती वेळ लावेल याचा नेम नसतो.

तुझी,
काकू