जॅक्सन हाइट्समध्ये वन-बेडरूम को-ऑप घ्यायचाय? आधी वर्षभर भाड्याने राहा

थोडक्यात सांगायचं तर घ्या, पण उतरल्या उतरल्या नको. अमेरिकेचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मंजूर झालाय, नोकरी मॅनहॅटनमध्ये आहे, मग भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा न्यूयॉर्क शहरातल्या जॅक्सन हाइट्समध्ये थेट को-ऑपच का घेऊ नये, असं तुम्ही विचारलंय. वस्तीची निवड उत्तम. रूझवेल्ट अव्हेन्यूच्या सबवे स्टेशनवर ७ नंबरच्या गाडीशिवाय ई, एफ, एम आणि आर मिळतात आणि ७४व्या रस्त्यावर कढीपत्त्यापासून साडीपर्यंत सगळं मिळतं. शिवाय कॉन्डोच्या, म्हणजे स्वतःच्या नावावर होणाऱ्या फ्लॅटच्या, मानाने को-ऑप स्वस्त दिसतो. तो स्वस्त का, हे मात्र आधी समजून घ्या.

को-ऑपमध्ये घर तुमच्या नावावर होत नाही. इमारत एका कंपनीची असते, तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्या जोरावर राहण्याचा करार मिळतो. ऐकायला आपल्या सोसायटीसारखंच, पण कंपनी चालवणाऱ्या बोर्डाचा अधिकार फार मोठा. घर घेणाऱ्याला ते पारखून घेतं: टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंट, शिफारसपत्रं, मग मुलाखत. आणि एवढं करून नकार दिला तर कारण सांगायचं बंधन नाही. वंश, धर्म, नागरिकत्व यावरून भेदभाव करायला शहराच्या कायद्याने मनाई आहे, पण कारणच कळलं नाही तर भांडणार कशावर? (याच वस्तीत सुरुवातीच्या काळात ज्यू आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. आज सगळ्या जगाची माणसं इथे राहतात.)

आता बोर्डाच्या नजरेने स्वतःकडे बघा. इथला टॅक्स रिटर्न नाही, क्रेडिट हिस्टरी नाही, व्हिसा मुदतीचा. पुण्यातला फ्लॅट आणि पीएफ यांना हाताशी असलेला पैसा मानायला बोर्ड सहसा तयार नसतं. केवळ हिशेबासाठी समजा, किंमत ३,५०,००० डॉलर. २० टक्के म्हणजे ७०,००० रोख. उरलेल्या २,८०,००० वर ६.५ टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता साधारण १,७७० आणि मेंटेनन्स ९०० धरला तर महिन्याला २,६७०. बरीच बोर्डं हा आकडा पगाराच्या २५ ते ३० टक्क्यांत बसवा म्हणतात, म्हणजे ३० टक्क्यांनीही वर्षाचा पगार १,०७,००० च्या आसपास हवा. व्यवहार झाल्यावरही वर्ष-दोन वर्षांचा हा खर्च खात्यात शिल्लक दिसला पाहिजे. एका वर्षाचेच ३२,००० होतात. बहुतेकांचं गाडं अडतं ते इथेच. आईवडील मदत करणार असतील तर भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण पैसे आयत्या वेळी नको, काही महिने आधी येऊन खात्यात मुरू द्या.

म्हणून पहिलं वर्ष साध्या भाड्याच्या इमारतीत काढा. तिथेही वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात, पण बोर्डाची मुलाखत नसते. घाईच असेल तर 'स्पॉन्सर युनिट' शोधा. इमारत को-ऑप करणाऱ्याकडे उरलेली ही घरं, त्यांना सहसा बोर्डाची मंजुरी लागत नाही. किंमत थोडी चढी असते, तरी तुमच्या परिस्थितीत मला ती रास्त वाटते.

वस्तीबद्दल. १९९३ साली जॅक्सन हाइट्सचा मोठा भाग ऐतिहासिक जिल्हा ठरला. शॅटो, टॉवर्स यांसारख्या इमारतींच्या पोटात अख्ख्या ब्लॉकभर बाग आहे, रस्त्यावरून पत्ताही लागत नाही. जुन्या वन-बेडरूममध्ये छत उंच आणि दाराशी चांगला ऐसपैस फॉयर असतो. आईवडील राहायला आले की सोफा-बेड तिथेच. पण खिडकी बदलायची तर बोर्डाबरोबर ऐतिहासिक इमारती जपणाऱ्या शहराच्या लँडमार्क्स कमिशनचीही परवानगी लागते. घरात वॉशिंग मशीन बहुतेक ठिकाणी चालत नाही, तळघरात जावं लागतं. हीटिंग मेंटेनन्समध्येच येतं, मात्र वाफेचा रेडिएटर तुमचं ऐकेलच असं नाही. भर जानेवारीत खिडकी उघडून बसणारी घरं मी पाहिली आहेत.

स्वयंपाकघर नवं केलंय की नाही यापेक्षा इमारतीचा ताळेबंद बघा. कंपनीवर कर्ज किती, त्याची मुदत कधी संपते, राखीव निधी किती? जमीन लीजवर असेल तर सरळ उठून या. २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली आहे आणि २०३० मध्ये ती आणखी कडक होईल. बॉयलर जुना असेल तर त्याचा खर्च शेअरधारकांच्याच माथी. व्हिसाचं काही बिनसलं आणि परतावं लागलं तर भाड्याने देता येईल का, हेही विचारा. पुष्कळ इमारती पहिली दोन वर्षं देऊ देत नाहीत, नंतरही ठरावीक वर्षांपुरतंच, आणि विकताना 'फ्लिप टॅक्स' म्हणजे इमारतीला द्यायचं शुल्क घेतात.

वकील लागतोच. करारावर सही करण्याआधी तो बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं वाचतो. त्याला सांगून ठेवा की तुमच्या घराच्या वर-खालच्या 'लाइन'मध्ये गळती, ढेकूण किंवा भांडण यांचा उल्लेख आला तर तारखेसकट कळवायचं.