फेरेट मधूनच मागचे पाय ओढतो, हे वय की आजार?

चार वर्षांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) मधूनच शून्यात बघत बसतो, लाळ गाळतो, मागचे पाय ओढतो आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असा धावतो, हे वय म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय बाकीचे आजार ओळखायचे कसे, तेही.

वय नाही. हे इन्शुलिनोमाचं वर्णन वाटतंय. स्वादुपिंडातल्या गाठी नको तेवढं इन्शुलिन सोडतात आणि रक्तातली साखर कोसळते. तीन वर्षांपुढच्या फेरेटमध्ये हा आजार सर्रास दिसतो.

आमच्या गुंड्याचं सुरू झालं तेव्हा माझ्या दिरांनीही ‘वय झालं त्याचं’ म्हणून निकाल लावून टाकला होता. मग एकदा त्यांच्यासमोरच गुंड्या झोळीतून उतरला, दोन पावलं टाकली आणि मागचा भाग जमिनीला टेकला. पुढच्या पंजांनी तोंड असं खरवडायला लागला, जणू दाढेत काही अडकलंय. अडकलेलं काही नसतं, ती मळमळ असते. मी बोटाला मध लावून हिरड्यांवर चोळला. थोड्या वेळात साहेब उठून उभे! लगेच मांसाचं खाणं पुढे केलं, तेही खाल्लं.

इथूनच भांडण पेटलं. मधाची जादू बघितल्यावर भाऊजी आले की गुपचूप मध चाटवायचे. ‘बघा वहिनी, कसा तरतरीत होतो!’ होतो ना, घटकाभर. साखर मिळाली की त्या गाठी आणखी इन्शुलिन सोडतात आणि तो आधीपेक्षा खाली जातो. मध फक्त झटका आला तेव्हाच, आणि त्याच्या पाठोपाठ प्रथिनांचं खाणं. एरवी गोड बंद, फळंसुद्धा. भाऊजी, वाचत असाल तर वाचा, मधाने त्या दिवशी वाचला हे खरं, पण नंतर जगला तो औषधावर.

औषधापर्यंत पोचायलाही वेळ गेला. पहिल्या डॉक्टरांनी सांधे धरलेत म्हणून दुखण्याचं औषध दिलं, साखर बघितलीच नाही. माझं स्पष्ट मत आहे, फेरेटला लहान मांजर समजणाऱ्याकडे जाऊच नका. दुसऱ्या बाईंनी तीन-चार तास उपाशी ठेवून (त्याहून जास्त ठेवायचं नाही) रक्त तपासलं. साखरेचा आकडा ६० च्या (मिग्रॅ/डेसीलिटर) खाली आला की संशय पक्का होतो, गुंड्याचा त्याच्याही खाली होता. प्रेडनिसोलोन (साखर वर ठेवणारं स्टेरॉइड) सुरू झालं, पुढे डायझॉक्साइड (इन्शुलिन सुटणं कमी करणारं औषध) जोडलं. शस्त्रक्रियाही करतात, पण गाठी पुन्हा येतात.

बाकीचं थोडक्यात. शेपटीपासून केस जायला लागले, अंगाला खाज आली, नसबंदी झालेल्या मादीची योनी सुजली, तर अधिवृक्क (मूत्रपिंडाजवळच्या) ग्रंथी तपासा. डेस्लोरेलिन या संप्रेरकासारख्या औषधाचं कातडीखाली बसवायचं इम्प्लांट त्यावर चालतं. याच आजारात नराचं प्रोस्टेट सुजून लघवी अडते. कुंथतोय पण थेंब येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. खाणं टाकलं, दात खातोय, शी बारीक किंवा बंद, तर रबर नाहीतर फोम गिळलाय असं धरून चाला. नसबंदी न केलेली मादी माजावर राहिली तर इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा बंद पडू शकते. डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा आजार) झाला तर जवळपास कुणी वाचत नाही, म्हणून लस टाळू नका. आणि तुम्हाला फ्लू झाला असेल तर त्याला कुशीत घेऊ नका, माणसाचा फ्लू त्यांना होतो. १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तोच मुळी फेरेटच्या मदतीने.

हो, राहिलंच. मागचे पाय हृदयाच्या आजारातही लुळे पडतात, कण्याच्या दुखण्यातही, त्यामुळे मी म्हणते म्हणून इन्शुलिनोमा ठरवून बसू नका. माणसांचं साखर मोजायचं यंत्र फेरेटच्या रक्तात आकडा कमी दाखवतं, तेव्हा घरच्या आकड्यावर औषध ठरवू नका. आकडी आलेली असताना तोंडात बोट घालू नका, कडकडून चावेल. कापसाच्या काडीने हिरडीला पुसटसा मध लावा, तोंडात काही ओतू नका आणि लगेच निघा. पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन यांतलं काहीही देऊ नका.